नस दबली, पण कोणती?

सकाळची टिटवाळा लोकल टिटवाळ्याहूनच सुटते, त्यामुळे जाताना निदान बसायला मिळते. हिशेब चुकता होतो तो संध्याकाळी. दादरला गाडीत शिरायला मिळाले हेच पुष्कळ. मग सॅक पुढे छातीवर, एक हात वर कडीत, आणि ठाणे जाईपर्यंत त्या हाताला खाली यायला जागाच नाही. मुंब्र्याच्या आसपास करंगळी झिणझिणू लागते. डोंबिवलीला गर्दी उतरली की हात बदलता येतो. कल्याण, शहाड, आंबिवली करत टिटवाळ्याला उतरेपर्यंत खांद्यापासून करंगळीपर्यंत कळ पोहोचलेली असते. हे रोजचेच झाले की घरी, शेजारी, मेडिकलच्या काउंटरवर एकच निदान ऐकू येते : नस दबली असेल. कोणी तेल चोळायला सांगतो, कोणी मलमाची ट्यूब देतो, कोणी नस बसवणाऱ्याचा पत्ता देतो.

हे निदान चूक नाही, अपुरे आहे. आणि दोष थोडासा आपल्या भाषेचा आहे. मराठीत मेंदूचा निरोप हातापर्यंत नेणारा मज्जातंतू म्हणजे नस, हृदयाकडून रक्त आणणारी धमनी म्हणजे नस आणि हातातले रक्त परत नेणारी शीरही नसच. बोलण्यात याने काही बिघडत नाही. मानेच्या मुळाशी मात्र अशी एक जागा आहे, जिथे या तिन्ही ‘नसा’ एकाच अरुंद वाटेने हाताकडे जातात. तिथे काय दबले यावर उपचार ठरतो, आणि क्वचित हात वाचणार की नाही हेही ठरते. या दुखण्याला डॉक्टर थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. नाव जडजंबाल आहे, जागा मात्र आपल्या बोटाखालची : गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, म्हणजे कॉलर बोनच्या, वरच्या खळग्यात बोट ठेवा. तीच.

या खळग्यात तळाला पहिली बरगडी आहे आणि छपराला कॉलर बोन. मानेच्या मणक्यांपासून निघून पहिल्या बरगडीला चिकटणारे दोन स्नायू, पुढचा आणि मधला स्केलीन, या दोघांच्या फटीतून मज्जातंतूंची जुडी आणि हाताची मुख्य धमनी बाहेर पडते. शीर याच बरगडीवरून, पण पुढच्या स्नायूच्याही पुढून जाते. तिथून तिघे मिळून कॉलर बोन आणि बरगडी यांच्यामधून, मग छातीच्या एका लहान स्नायूखालून काखेत उतरतात. वाटेत असे तीन चिंचोळे नाके. हात वर केला, खांदे मागे खेचले किंवा खांद्यावर ओझे टाकले, की नाक्यांची रुंदी बदलते. बहुतेकांच्या शरीरात तेवढी मोकळीक असते. काहींच्या नसते.

दबतो तो बहुतेक वेळा मज्जातंतूच. या दुखण्याच्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांची तक्रार हीच असते : मान-खांद्यात दुखणे, करंगळी-अनामिकेकडच्या बाजूला मुंग्या, दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा वेणी घालताना हात जड होणे, हातातून कप निसटणे. जुनाट दुखण्यात अंगठ्याच्या मुळाचा उंचवटाही झिजून सपाट होतो. शीर दबण्याचे प्रमाण शंभरात तीन ते पाच. तिची तऱ्हा वेगळी असते. एखादा धडधाकट तरुण जिममध्ये जोर लावतो, किंवा दिवसभर चेंडू टाकतो, आणि एक-दोन दिवसांत त्याचा अख्खा हात सुजून निळसर होतो, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते. जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये आणि लिओपोल्ड फॉन श्रॉटर यांनी १८८४ मध्ये हे ओळखले, म्हणून या प्रकाराला त्या दोघांचे नाव आहे. धमनी दबण्याचे प्रमाण सर्वांत कमी, शंभरात एखादे. पण धोका सर्वांत मोठा. सतत दाब पडून धमनीची भिंत खराब होते, ती फुगते, तिच्यात गुठळ्या धरतात आणि त्या सुटून बोटांत जाऊन अडकतात. बोटे गार, पांढरी पडतात, त्यांच्या टोकांवर जखमा होतात. घरात सगळे म्हणतात, थंडी बाधली.

तीन नसा, तीन दुखणी, तीन घड्याळे. पहिल्यात महिने हाताशी असतात : व्यायाम, खांद्याची ठेवण सुधारणे, कामाची पद्धत बदलणे. दुसऱ्यात दिवस मोजायचे असतात. गुठळी विरघळवण्याचा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत जितका लागू पडतो, तितका नंतर पडत नाही. तिसऱ्यात बोटे गार, पांढरी आणि बधिर पडली तर तासांचा हिशेब. या तिघांनाही एकच तेल चोळणे ही भाषेची गंमत राहत नाही. गुठळी झालेला हात जोराने चोळणे तर उघड धोक्याचे, कारण सुटलेली गुठळी फुप्फुसापर्यंत जाऊ शकते.

आता लोकलच्या कडीकडे परत येऊ. या आजाराचा संशय आला की डॉक्टर एक साधी चाचणी करतात. अमेरिकी शल्यविशारद डेव्हिड रूस यांचे नाव तिला आहे. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला उचलायचे, कोपरात काटकोन करायचा, शरणागती पत्करल्यासारखे उभे राहायचे आणि तीन मिनिटे मुठी हळूहळू उघडायच्या-मिटायच्या. ज्याची वाट अरुंद आहे त्याला तीन मिनिटे पुरी करणे अवघड जाते. टिटवाळ्याचा प्रवासी अशीच काहीशी परीक्षा रोज संध्याकाळी देतो. तीन मिनिटांऐवजी तासभर, आणि शिवाय छातीवरच्या सॅकचे पट्टे खांद्यांवर. एकट्या कडीवर खापर फोडू नये. तिने कोणाच्या मानेत बरगडी उगवत नाही. पण अरुंद वाट कोणाची आहे, हे ती दवाखान्याच्या कितीतरी आधी सांगते. ऐकणारा हवा.

बरगडी उगवते, हे मात्र खरे आहे. शंभरातल्या एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना, मानेच्या शेवटच्या मणक्याला एक जादा बरगडी असते. पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. कधी ती पूर्ण असते, कधी नुसते टोक, आणि टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत ताणलेली चिवट पट्टी. १८६१ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी अशी बरगडी काढून हात मोकळा केला. १८९५ मध्ये क्ष-किरण आले आणि जादा बरगड्या फोटोत दिसू लागल्या. मग दोन अडचणी समोर आल्या. बरगडी असूनही बहुतेकांना काहीच त्रास नसे. आणि बरगडी नसलेले अनेक जण त्याच कळा घेऊन येत. त्यांच्यात दोष मऊ भागांत होता : एखादी जास्तीची पट्टी, एखादा वाढीव लहान स्नायू, जाड झालेला स्केलीन. साध्या एक्स-रेत यातले काही उमटत नाही. बरगडी, स्नायू, पट्टी अशी कारणागणिक पडलेली निरनिराळी नावे मागे पडून थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हे एक नाव रुळले, ते १९५६ नंतर.

ही बरगडी मुळात येते कुठून, हे शोधताना गोष्ट फार मागे जाते. टिटवाळ्यात ती सांगायला एक सोय आहे. इथल्या मंदिरात महागणपतीसमोर हात जोडून उभा असलेला भाविक आणि देवाच्या मुखाशी ज्याचे नाते तो हत्ती, दोघांच्या मानेत मणके सातच असतात. जिराफाच्या लांबलचक मानेत सात, उंदराच्या मानेत सात, मान नसल्यासारख्या दिसणाऱ्या देवमाशातही सात. स्लॉथ आणि मॅनेटी हे अपवाद सोडले तर सस्तन प्राण्यांचा हा हट्ट कोट्यवधी वर्षे टिकला आहे. पक्ष्यांना तो नाही. हंसाच्या मानेत वीसहून अधिक मणके असतात.

मणक्यांची रांग लावण्याचे काम होक्स नावाच्या जनुकांकडे असते. माणसात ती एकूण ३९ आहेत, चार गुणसूत्रांवर चार गटांत मांडलेली. गटातला त्यांचा क्रम आणि गर्भाच्या अंगावर डोक्याकडून शेपटाकडे त्यांचा अंमल जिथे सुरू होतो तो क्रम, दोन्ही जुळतात. कोणत्या मणक्याला मान म्हणायचे, कुठून बरगड्या सुरू करायच्या, कुठे थांबवायच्या, हे त्यांच्या हुकमाने ठरते. सातव्या मणक्यालाही गर्भात बरगडीचा कोंब फुटतो. पण पुढे तो मणक्यातच जिरून जातो. होक्स-ए-५ हे जनुक निकामी केलेल्या उंदरांत तो जिरत नाही, तिथे बरगडी उभी राहते. जादा बरगडी म्हणजे नवे हाड असे समजण्यापेक्षा मान आणि छाती यांच्यामधली हद्द एक घर वर सरकली असे समजावे.

निसर्गाने ही हद्द इतकी जपली का, याचे एक उत्तर नेदरलँड्सच्या जीवशास्त्रज्ञ फ्रिट्सन गालिस यांनी १९९९ मध्ये मांडले. होक्स जनुके फक्त मणकेच मोजत नाहीत. त्याच सुमारास गर्भाचे इतर अवयवही घडत असतात. तिथे गडबड झाली तर ती क्वचितच मानेपुरती राहते. जन्मापूर्वीच दगावलेल्या गर्भांमध्ये मानेतल्या बरगड्या पुष्कळ अधिक आढळतात. याच गटाने २०१४ मध्ये उत्तर समुद्रातून निघालेले मॅमथचे मणके तपासले. मॅमथ हे हत्तीचे नामशेष भावंड. नमुन्यातल्या सुमारे एकतृतीयांश मणक्यांवर जादा बरगडीच्या खुणा होत्या. आजच्या हत्तींत हे प्रमाण शंभरात चारही नाही. घटत चाललेल्या कळपात जवळच्या नात्यात संकर झाला असावा, किंवा गर्भारपणात उपासमार, असा तर्क त्यांनी केला. म्हणजे हद्द सरकण्यामागे वारसा असू शकतो, तसेच गर्भाच्या वाट्याला आलेले दिवसही असू शकतात. मात्र हे वाचून मानेत बरगडी असलेल्या धडधाकट माणसाने घाबरायचे कारण नाही. ती घेऊन लाखो लोक निर्धास्त म्हातारे होतात.

येथून स्फुटाचा खरा मुद्दा सुरू होतो. ‘आनुवंशिक आहे’ हे दोन शब्द ऐकले की आपल्याकडे प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पूर्वी पत्रिकेकडे बोट दाखवत, आता जनुकांकडे. मानेतली बरगडी आई-मुलांत, बहीण-भावांत आढळलेली कुटुंबे वैद्यकीय नोंदींत आहेत. जन्मतः सांधे फार लवचीक असणाऱ्यांत हे दुखणे अधिक दिसते, हेही खरे. तरी थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचे म्हणून एक जनुक नाही, आणि त्यासाठी घरपोच किट मागवून थुंकी पाठवावी अशी चाचणीही नाही. वारशाने मिळते ती फार तर अरुंद वाट. आजार व्हायला त्या वाटेवर काहीतरी घडावे लागते : मानेला बसलेला हिसका, कॉलर बोन मोडून वेडेवाकडे जुळणे, वर्षानुवर्षे हात डोक्यावर ठेवून केलेले काम, खांद्यावरचे ओझे.

टिटवाळ्याला हे समजावून सांगायला दूर जायला नको. इथे कण्वांचा आश्रम होता आणि गणपतीची स्थापना शकुंतलेने केली, अशी आख्यायिका आहे. महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत शाप नाही. तिथे दुष्यंताला सारे आठवत असते आणि तरी तो भरसभेत तिला ओळख देत नाही. लोक काय म्हणतील म्हणून, असे तो नंतर सांगतो. दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी कालिदासाच्या नाटकात येतात. शाप आला आणि राजा सुटला. दुखऱ्या हाताच्या बाबतीत जनुक हे आपण असेच शापासारखे वापरतो. ‘तुझ्या अंगातच आहे’ म्हटले की बाकी सगळे सुटतात : दहा तास छताला रंग मारायला लावणारा ठेकेदार, खुर्ची-टेबलाची उंची न पाहणारे ऑफिस, डब्यात माणसे कोंबणारी व्यवस्था, आणि ‘हिचं नेहमीच काहीतरी दुखतं’ म्हणून हसणारे घर.

ओझ्याचा धडा वैद्यकाला सैनिकांनी दिला. १९४३ मध्ये फाल्कनर आणि वेडेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्या चिमट्यात धमनी आणि शीर कशी सापडते, याचे वर्णन केले. पाठीवर जड पिशवी आणि खांदे मागे ताणून उभे राहणे, ही सैनिकाची ऐट त्या चिमट्याला पोषक ठरत होती. आपल्या घरात ही पिशवी मुलांच्या पाठीवर असते. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्येच काढला. वजनकाटा लावून बघण्याचे काम कोणाचे, हे मात्र शाळा पालकांना विचारते आणि पालक शाळेला. खांद्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा करणारे हे राज्य आहे. त्या खांद्याखाली काय दबते, याची चौकशी मात्र हमालाला दवाखान्याच्या रांगेत एकट्यालाच करावी लागते.

डॉक्टरांनाही दोन शब्द. या आजारात चूक दोन्ही बाजूंनी होते. एकीकडे मानेच्या एमआरआयमध्ये चकती थोडी फुगलेली दिसली की स्पॉन्डिलोसिसचा शिक्का बसतो, गळ्यात पट्टा येतो आणि कॉलर बोनवरच्या खळग्यात कोणी बोटही लावत नाही. चाळिशीपुढच्या कितीतरी निरोगी माणसांच्या मानेत अशी चकती दिसते, हे विसरले जाते. मज्जातंतूंच्या वेगाची विजेवरची तपासणी नॉर्मल आली की बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले जाते. या आजारात ती तपासणी बहुतेकदा नॉर्मलच येते. दुसरीकडे एक्स-रेत जादा बरगडी दिसली की तीच चोर ठरते आणि शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते. हात वर केल्यावर मनगटाची नाडी हरपते, हाही पुरावा कच्चा. अनेक निरोगी माणसांची नाडी तशीच हरपते. धमनीचे नुकसान झाले असेल तर शस्त्रक्रिया टाळू नये, शिरेत गुठळी झाली असेल तर वेळ घालवू नये, आणि मज्जातंतू दबला असेल तर आधी काही महिने नेटाने फिजिओथेरपी करावी. साधी वाटणारी ही तिसरी गोष्टच नोकरदाराला सर्वांत महाग पडते, कारण तिला पैशांबरोबर वेळ लागतो. रात्री नऊला टिटवाळ्यात उतरणाऱ्याने व्यायाम शिकायला कोणत्या वेळी आणि कुठे जायचे? पालिकेच्या दवाखान्यात संध्याकाळी उघडी असलेली फिजिओथेरपीची खोली ही चैन मानू नये. लोकलवर जगणाऱ्या शहराची ती गरज आहे.

तोवर प्रवाशाच्या हाती थोडे आहे, पण आहे. सॅक खांद्यावरून उतरवून रॅकवर टाका, नाहीतर पायाशी ठेवा. कडी हात बदलून धरा, जमेल तिथे खांद्याच्या खालच्या उंचीला आधार शोधा. डॉक्टरकडे गेलात तर ‘हात दुखतो’ एवढेच सांगू नका. कोणते बोट बधिर होते, हात वर केल्यावर किती वेळात होते, कोणते काम करताना होते, घरात आणखी कोणाला आहे, हे सांगा. आणि ‘नस दबली’ असे उत्तर मिळाले तर विचारा : कोणती, कुठे आणि कशाने?

फक्त हात एकाएकी सुजून निळसर झाला असेल, किंवा बोटे गार आणि पांढरी पडली असतील, तर हे प्रश्नही नंतर विचारा. तेलाची बाटली खाली ठेवा आणि कल्याणकडे जाणारी पहिली गाडी पकडून मोठे रुग्णालय गाठा.